अडीचशे शब्द

चौकटीत जागा अडीचशे शब्दांची.
प्रश्न: तुम्ही गटाचं नेतृत्व केलंत
असा एखादा प्रसंग सांगा.
ब्रायनी म्हणते, असलं काही घडलेलंच नाहीये माझ्या आयुष्यात,
आणि लॅपटॉप मिटून
टोस्टवर लोणी फासत बसते, पार कडेपर्यंत.

बॅरोमधला नोव्हेंबर. साडेचारलाच अंधार.
खिडकीतून यार्डाचा तो अवाढव्य पांढुरका हॉल दिसतो,
आमच्या गल्लीतली निम्मी माणसं सकाळी जिथे गडप होतात.
हिलाही तिथेच जायचंय.
काम करत, पगार घेत पदवी. डोक्यावर कर्ज नाही.
जागा चौदा. अर्ज किती ते कुणी सांगत नाही,
शाळेतल्या मिसेस अ‍ॅकरॉइड नुसत्या भुवया उंचावतात.

सत्त्याऐंशी साली मी सोळाचा होतो.
मामानं मला बसडेपोच्या फाटकाशी नेऊन उभं केलं.
फोरमननं माझे हात उलटसुलट करून पाहिले,
म्हणाला, सोमवारी ये. डबा आण.
झाली मुलाखत.
तेव्हापासून मी बसगाड्यांची पोटं उघडतोय,
आणि आता रात्री जागून शोधतोय
‘प्रेरणा’ला दुसरा शब्द.

दोन नकार आधीच येऊन गेलेत,
ज्या पत्त्यावर उत्तर पाठवता येत नाही अशा पत्त्यावरून.
एका ठिकाणी तर मुलाखत घ्यायला माणूसच नव्हता.
पडद्यावर प्रश्न, विचार करायला तीस सेकंद,
मग आपल्याच चेहऱ्याशी दोन मिनिटं बोलायचं.
नेमका कुत्रा भुंकला.
ती कॅमेऱ्याला सॉरी म्हणाली.

काल ती झोपल्यावर मीच लिहून टाकलं:
लहानपणापासूनच मला अभियांत्रिकीची विलक्षण ओढ आहे.
सकाळी तिनं वाचलं. एक बटण दाबून धरलं.
ओढ गेली, विलक्षण गेलं,
शेवटी लहानपणसुद्धा गेलं.
कोण ही मुलगी, डॅड? म्हणाली.
माझं तर हिच्याशी एक दिवसही पटणार नाही.

कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला गेलो
तर शेजारचे मिस्टर पोस्लथ्वेट दारात उभे.
कुठवर आला तिचा अर्ज? विचारत होते,
आणि त्यांच्यामागे, जिन्याच्या कडेला,
ती खुर्ची.

दोन वर्षांपूर्वी त्या खुर्चीवर
म्हातारा जिन्यात अधांतरी अडकला होता. वर नाही, खाली नाही.
मी बाह्या सरसावून ओढायलाच निघालो होतो.
पंधरा वर्षांची ही पोर म्हणाली, हात लावू नकोस.
भावाच्या हातात टॉर्च दिला,
पायरीवर बसून माहितीपुस्तकाचं सव्विसावं पान काढलं,
म्हाताऱ्याला विचारत राहिली, आज जेवायला काय होतं,
वाटाणे ताजे की डब्यातले,
आणि मला म्हणाली, डॅड, तू खाली जा, चहा कर.

मी रागावलो होतो, खरं सांगतो.
सत्तावीस वर्षांचा मेकॅनिक, आणि चहा!
किटली भरतोय तोवर वरून घरघर ऐकू आली.
मिस्टर पोस्लथ्वेट राजासारखे
सावकाश खाली उतरत होते,
ती एकेक पायरी त्यांच्या बरोबरीनं.

हे सगळं मी स्वयंपाकघरात उभ्यानंच सांगितलं.
टोस्ट तिच्या हातात तसाच.
हे चालेल? म्हणाली. यात काय नेतृत्व?
म्हटलं, मी गेलो ना खाली.
माझ्यासारखा माणूस
निमूटपणे खाली गेला.

ती हसली नाही. लॅपटॉप उघडला.
मी खुर्ची ओढून शेजारी बसणार,
तेवढ्यात तिनं पडद्यावरची नजर न हलवता
बोट दाखवलं. किटलीकडे.

मुदत बाराची होती, अकरा वाजून गेलेले.
पुढे काय होईल कोण जाणे,
चौदा म्हणजे चौदाच.
मी कप विसळले. पाणी उकळलं.
साखर किती? मी विचारलं.
थांब, म्हणाली, मोजतेय.