दोघांची साखर

पहाटे चारला गजर.
आधी त्याचं, मग माझं.
एकच यंत्र, सुया वेगळ्या.
त्याची एक्केचाळीस, माझी दोनशे छत्तीस.
दुधाच्या हिशेबाच्या वहीत
शेवटच्या पानापासून उलटे दोन रकाने आखलेत.

ऋजुता हॅलिफॅक्सला निघाली तेव्हा म्हणाली,
सहाच महिने सांभाळ गं.
त्याला तीन वर्षं झाली.
फेरेट म्हणजे काय, ते मला अजून धड सांगता येत नाही.
दक्षाबेन म्हणतात नोळियो.
कुरियरवाला म्हणाला, आजी, केवढा हा उंदीर!
मी म्हणते चेवडा.
हाक मारली की यायचा.

यायचा.
आता पुढचे पाय निघतात
आणि मागचे ओल्या पंचासारखे
फरशीवर पसरून राहतात.
म्हणून दांडिया बाजारातल्या ह्या दोन खोल्यांत
मी असतील नसतील त्या सतरंज्या अंथरल्यात.
त्याच्या मातीच्या ट्रेची एक कड
सुरी तापवून कापली, वेडीवाकडी,
उंबरठा नको त्याला.

रेसकोर्सजवळचे डॉक्टर व्होरा म्हणाले,
स्वादुपिंडात गाठ आहे. मुगाएवढी.
रिक्षात परत येताना सूरसागरापाशी
मी पिशवीत हात घालून बघितलं,
गरम होता.

झटका येतो तेव्हा आधी भिंतीकडे बघत राहतो.
मग लाळ, मग पंजाने तोंड ओरबाडणं.
मी बोट मधात बुडवून हिरडीवर फिरवते.
चावला तर चावू दे.
डोळ्यांत तो परत आला की
बोट धुवायला नळाशी जाते.
चाटत नाही.
बहुतेक वेळा.

ज्या ओट्यावर कधी अंडं फुटलं नाही
तिथे आता कोंबडी वाटते,
मिक्सर निराळा, खिडकी बंद,
देव्हाऱ्याचा पडदा ओढून.
दर चार तासांनी, कोमट, चमच्याने,
गोळी त्यातच चुरून.

काल सतरंजी सरळ करताना
कपाटाखाली झाडू घातला
तर त्याचं कोठार निघालं:
सात मोजे, जोडीचा एकही नाही,
बाटलीचं रबरी बूच, गॅसची पावती,
ऋजुताच्या सायकलची किल्ली,
आणि चष्म्याची ती डबी,
जिच्यापायी मी रमीलाला
नको नको ते बोलले होते.
सांगायला हवं तिला. सांगेन.

तो टोपलीतून बघत होता.
चोर मेला.
मी निळा मोजा त्याच्या तोंडापुढे धरला.
हुंगला. दातांत घट्ट धरला.
एक ओढ दिली,
मोजा हलला नाही, तोच कलंडला.

मग मी गुडघे टेकले, तेही कुठे धड आहेत,
पोटाखाली हात घालून त्याला उचललं, मोज्यासकट,
आणि दोघं सरपटत सरपटत
कपाटाखाली गेलो
माल परत लपवायला.
तिथे अंधार होता, धूळ होती,
त्याचा तो उग्र वास होता.
मला शिंक आली. तो दचकला नाही.

कालच्या आठ वाजताच्या रकान्यात
दोघांपुढेही काही लिहिलेलं नाही.