फुल्या

जुन्या गोळीवर हे शांत असायचे.
पण तोल जायचा, मोरीत पडले दोनदा,
आणि आकडी यायचीच:
रिक्षा, वाशीचं हॉस्पिटल, खाट अकरा.

मसाला मार्केटात ज्यांनी
पन्नास किलो हळद पाठीवर वाहिली
त्यांना एवढीशी गोळी पेलवेना.

नवी सुरू झाली शिमग्यात,
तेव्हापासून शिमगा घरातच.
डाळीत मीठ, पंख्याचा आवाज, मी.

डॉक्टरीणबाई विचारतात, फरक काय?
मी कॅलेंडर पुढे करते.
दूधवाल्याच्या खाड्यांशेजारी
हॉस्पिटलातल्या रात्रींच्या फुल्या:
जुनीच्या वर्षात एकोणीस,
नवीच्या सात महिन्यांत एक,
तीही मोतीबिंदूची.

"चिडचिड फार असेल तर बदलू?"

बाहेरच्या बाकड्यावरून हे ओरडतात,
"किती वेळ लावतेस गं!"

राहू द्या, म्हटलं.