तिसरं कोटेशन

नियम साधा आहे: तीन कोटेशनं,
तिन्हींवर शिक्का,
सगळ्यांत स्वस्त त्याच्यापुढे बरोबरची खूण.

पहिलं आलं कंपालाहून.
प्लास्टिकच्या चटया, निळ्या, मोराच्या चित्राच्या,
चीनहून मोम्बासा, पुढे ट्रकने.
दुसरंही त्याच माणसाचं, वेगळ्या लेटरहेडवर.
टायपिंगची चूक मात्र तीच.

तिसरं आणायला मी स्वतः गेलो,
अजुमानीपासून दोन तास, नाईलच्या दलदलीत.
अयिकोरू गुडघाभर पाण्यात पपायरस कापत होती.
शिक्का नव्हता तिच्याकडे.
पाठकोऱ्या कागदावर तिने वळणदार सही केली
आणि विचारलं, पैसे किती दिवसांनी?
साठ, म्हटलं.
"आणि तोवर पोरांनी काय चटई खायची?"

यंदा फॉर्मात एक नवा रकाना आलाय, जिनिव्हाहून:
शाश्वतता. शंभरापैकी दहा गुण.
तिला दहाच्या दहा द्यायचे हे मी निघतानाच ठरवलं होतं,
वाटेत स्वतःवर जरा खूषही झालो होतो.
आठशे चटया, म्हटलं. महिनाअखेर.

तिने विळ्याच्या टोकाने पलीकडचा काठ दाखवला.
"गेल्या साली आले होते. तुमच्यासारखेच. चांगली माणसं."
बुडखेच बुडखे.
मधलं पाणी उघडं पडलेलं,
न्हाणीतून कुणाला ओढून बाहेर आणावं तसं.
"दोनशे," ती म्हणाली. "मग तीन चंद्र थांबायचं."

तिकडे नव्या वस्तीत लोक रोज उतरताहेत,
बाळंतिणी गोणपाटावर निजताहेत.
कोठारातून इझामाचा फोन:
निळ्या सांगू का? परवा पोचतील.
दलदलीत रेंज येते-जाते,
मला दोनदा हो म्हणावं लागलं.

दोनशे तिच्या, सहाशे मोरवाल्या.
दोन वर्षांत ते मोर फाटतील,
कुठल्या तरी चुलीत काळा धूर होऊन उडतील,
हेही मला ठाऊक आहे. त्याला रकाना नाही.
'जास्त दर का स्वीकारला' याखाली एक ओळ मावते.
लिहिलं: पाणी झाकून राहावं म्हणून.
ऑडिटर विचारेल तेव्हा बघू.

आगाऊ रक्कम नियमात बसत नाही.
खिशात पेट्रोलचे पैसे होते, ते दिले.
शेवटच्या चढावर मोटरसायकल बंद पडली.
ढकलत आणली,
मागे बांधलेली नमुन्याची चटई
अजून ओली, जड,
आणि सगळ्या रस्त्यावर तिचा
हिरवा वास.