चार नंबरची ट्राम

विमानतळावरची गाडी तुम्हाला भुयारात सोडते.
जिना चढून वर या. पुढचं माझ्याकडे.
फाल्केरा ते मिराफिओरी, चार नंबर,
हे तोरिनो उभं चिरत जाते मी
दिवसातून सहा वेळा.

तिकीट आधी काढा, चढल्यावर यंत्रात टोचून घ्या,
दारात उभं राहू नका.
एवढं सांगेस्तोवर कुणीतरी विचारतंच,
चॉकलेट कुठं मिळेल?

कुठं नाही, ते विचारा.
कमानींखालून चालत थेट नदीपर्यंत जा,
छत्री लागायची नाही.
पेल्यात तीन थर येतील, कॉफी, चॉकलेट, वर साय.
ढवळू नका.
ढवळलंत तर वेटर काही बोलणार नाही,
फक्त बघेल.
वेळ असेल तर दक्षिणेच्या टेकड्यांत जा,
तिथं हेझलनटची झाडं, ओळीनं,
कुणाच्या तरी आजोबांनी लावलेली,
आणि डोक्याला जाळीची टोपी घालून
कारखाना दाखवायचे अठरा युरो.

देसोलीनाबाई काही विचारत नाहीत.
बुधवारी सव्वादहाला बाजाराच्या थांब्यावर चढतात,
माझ्या मागच्या एकट्या सीटवर बसतात.
एकतीस वर्षं त्यांनी चॉकलेटं गुंडाळली,
उलट्या होडीसारखी ती, सोनेरी वर्खात,
मिनिटाला बावीस.
मग यंत्र आलं. त्याला चारशे जमायची.
आता त्या कारखान्यात फ्लॅट आहेत.
खिडक्या त्याच, आत पडदे.
ट्राम तिथून जाते तेव्हा
बाई दुसऱ्या बाजूला बघतात,
दंतवैद्याच्या पाटीकडे.

बोटं मात्र ऐकत नाहीत.
वापरलेलं तिकीट घेऊन
आधी लांबीची घडी, मग टोकं आत,
अंगठ्याच्या नखानं एक रेघ,
की मांडीवर होडी तयार.
उतरताना सीटवर ठेवून जातात, चार, कधी पाच.
शेवटच्या थांब्यावर मी त्या गोळा करते,
बिस्किटांच्या डब्यात टाकते.
डबा भरत आलाय.

गेल्या बुधवारी एक होडी
त्यांनी माझ्या हातातच दिली.
मला वाटलं, अखेर.
आत काहीतरी असणार,
एखादं जुनं, इतकी वर्षं जपलेलं.
मिराफिओरीला धुकं होतं, ट्राम रिकामी.
हातमोजे काढून उघडली.

पेन्सिलीनं लिहिलं होतं:
स्टेशनच्या वळणावर इतकं जोरात नको गं.
माझ्या घड्या मोडतात.

आज पुन्हा बुधवार.
वळण आलं, मी हात सैल सोडला.
मागून मोटारी ओरडायला लागल्या.
इकडे माझ्या काचेला नाक लावून
एक पाहुणा, नकाशा उलटा धरलेला,
विचारतोय, चॉकलेट अजून किती लांब?

म्हटलं, थांबा जरा.
वळण होऊ द्या.