तिसऱ्यांदा पिसताना

बोरा वारा सुटला की आमच्या त्रिएस्तेत
वय झालेल्यांनी भिंत धरून चालायचं असतं.
ओन्दिना भिंत न धरता आली.
लॉन्ड्रीमागच्या माझ्या स्वयंपाकघरात
आधी केस सारखे केले, मग खुर्ची ओढली,
आणि कोटाची बटणं न काढताच म्हणाली,
बहिणीला मूत्रपिंड द्यायचं का, तेवढं बघ.

अकरा वर्षं बोलणं नाही दोघींचं.
आईच्या शिलाईयंत्रावरून सुरू झालं होतं म्हणे.
पुढे यंत्र भंगारात गेलं.
अबोला तेवढा वाटणीत दोघींना सारखा आला.

मी पत्ते पिसले. तिनं डाव्या हातानं काटले.
पाच मांडले, एक मध्ये, चार बाजूंना.
मध्ये पेल्यांची राणी,
झाकलेला पेला सांभाळत बसलेली.
उजवीकडे नाण्यांची दुर्री:
दोन नाणी, एकाच फितीत गुंडाळलेली.
मी फितीवर बोट ठेवलं.
सांगायचं ते इतकं सरळ होतं की मलाच लाज वाटली.
दोनांतलं एक. देऊन टाक.

ओन्दिना खाली बघत म्हणाली, पुन्हा पीस.

दुसऱ्यांदा तलवारींची दश्शी आली,
शेजारी मनोरा, त्यावरून माणसं पडताहेत,
आणि उलटा टांगलेला, तोही उलटा पडला,
म्हणजे एका अर्थी उभाच,
फक्त पाय बांधलेला.
मी म्हटलं, नको. स्वतःचं अंग सांभाळ,
तुझीही साठी आली.
ती दश्शीतल्या तलवारी मोजत राहिली,
एखादी कमी भरली तर बरं, अशी.
मग म्हणाली, पुन्हा.

चाळीस वर्षं मी हे मांडते आहे.
लोकांना वाटतं, कौल पत्ते देतात.
पत्ते पुठ्ठ्याचे. त्यांना तेलाचे डाग पडतात.
माझ्या जोडात तर चंद्रच नाही,
भाचीच्या मुलाला दात येत होते तेव्हा त्यानं तो चघळला.
त्याच्या जागी बिअरच्या ग्लासाखालचा पुठ्ठा आहे,
मापानं कापलेला,
पेन्सिलीनं ‘चंद्र’ लिहिलेला.
पिसताना हाताला कळतो, जाड आहे.
मनात आणलं तर वर आणता येतो,
मनात आणलं तर तळाशी दाबता येतो.
हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

तिसऱ्यांदा मी नुसतीच पिसत राहिले.
पहिलं ‘पुन्हा’ घाबरून आलं होतं.
दुसरं आलं ते रागानं, आणि राग माझ्यावर,
जणू मी तिच्या बहिणीला
जेवणाच्या ताटावरून उठवलं होतं.
खिडकीची चौकट थरथरत होती.
पलीकडे कपडे वाळवायच्या यंत्रात
कुणाचं तरी तुटलेलं बटण
ठण् ठण् करत फिरत होतं.
चंद्र दोनदा अंगठ्याला लागला.
दोन्ही वेळा जाऊ दिला.

कशी आहे गं ती, मी विचारलं.
माझ्यासारखीच, ओन्दिना म्हणाली,
फक्त हट्टी.

त्यावर मी हसले. ती नाही हसली,
पण कोटाचं वरचं बटण काढलं तिनं,
आणि कॉफी घेशील का म्हटल्यावर
साखर दोन चमचे सांगितली.
पत्ते माझ्या हातातच राहिले.
मांड, असं ती पुन्हा म्हणाली नाही.

जाताना टेबलावर पैसे ठेवले,
थोडे कमी होते, मी मोजल्याचं दाखवलं नाही.
दारात थांबली.
याच गावात जन्मलेली, इथल्याच बंदरावर
तीस वर्षं पावत्या फाडलेली बाई,
मला विचारते,
वरच्या हॉस्पिटलची बस कुठून सुटते?

मी सांगितलं. नीट, खुणांसकट,
परगावच्या माणसाला सांगावं तसं:
औषधांचं दुकान, मग घोड्याचा पुतळा,
मग डावीकडे वळ.

ती निघाली. वारा तसाच होता.
खिडकीतून कोपऱ्यापर्यंत दिसली मला,
एक हात कुशीवर,
दुसऱ्यानं भिंत धरून.