सात स्क्रू

"मेमरी नाही, स्टोरेज भरलंय तुमचं,"
इनामदार म्हणाला, दातांत स्क्रू धरून.
"हे काउंटर, ही मेमरी. हाताखालचं तेवढंच.
तो पोटमाळा, ते स्टोरेज."

पोटमाळ्यावर खोकी. शिडीला एक पायरी कमी.
लॅमिंग्टन रोडवरचा गाळा, स्टूल एकच,
लॅपटॉप मेलेल्या बॅटरीचा, वायरीवर तगलेला;
नंबर येईपर्यंत मी टाइप करत बसले.

वरच्या मजल्यावर कुणी इस्त्री लावली.
फ्यूज उडाला.

"सेव्ह केलं होतं?"
भावाला चार ओळी. अकरा वर्षांनी जमलेल्या.
"नाही."
"मग काउंटर पुसलं गेलं."

टॉर्च लावून त्याने स्क्रू मोजले. सात.
"आठवा," तो पुटपुटला, "आठवा..."
तो फरशी चाचपत होता,
मी पहिली ओळ.