चौकट आधी

औलूच्या तंत्रशाळेचं तळघर.
बाहेर दुपारचे साडेतीन, म्हणजे रात्रच.
आइमो केसानिएमी टेबलावर दोन करडी धुडं मांडतो,
पंख्यांतली धूळ फुंकतो, शिंकतो,
आणि गळ्यात अडकवतो ते स्टॉपवॉच
ज्यानं एके काळी स्कीच्या शर्यतीत
पोरांचे शतांश सेकंदांचे तंटे मिटवले.

दोन्ही यंत्रं एका वर्षीची, एका घाण्यातली.
सोळा मेगाबाइट इकडे, सोळा तिकडे.
फरक फक्त खिडक्या रंगवणाऱ्या प्रणालीचा.
"चाळीस उघडायच्या," तो म्हणतो, "चाळीस मिटवायच्या.
मग एक ओढत न्यायची या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात."
मी वही धरते. पेन्सिलच, शाई इथं गारठते.

डावं: अकरा पूर्णांक चार.
उजवं: सात पूर्णांक नऊ.
पुन्हा. अकरा तीन. आठ शून्य.
तिसऱ्या खेपेला डाव्याची डिस्क कण्हते, बारा सहा.
मी खोडरबर उचलते.
आइमो म्हणतो, असू दे तेही.

ओढताना डावं नुसती रेघांची पोकळ चौकट हलवतं,
बोट उचललं की खिडकी मागून जाऊन बसते.
उजवं सगळा ऐवज सरकवतं, झोकात,
मागे पांढुरके ओघळ ठेवत.

मग तो घड्याळ मुठीत झाकतो.
"आता डोळ्यांनी बघ."

उजवीकडे लगेच चौकट. पट्टी. तीन बटणं.
पोट मात्र कोरं.
मी आत क्लिक करते: दार आहे,
घर अजून बांधतायत.

डावीकडे काही नाही.
काही नाही.
अजून काही नाहीच,
आणि एकदम अख्खी खिडकी, शेवटच्या स्वल्पविरामासकट,
कर्सर लुकलुकतोय, लिही म्हणतोय.

"मग आपण मोजलं काय, आइमो?"

तो गप्प.
राइली सांगते, केमीच्या धक्क्यावर
तिनंच लग्नाचं विचारलं होतं, रविवारी.
हा बूट बघत राहिला, निघून गेला.
गुरुवारी आला
तो भाड्याच्या खोलीची किल्ली घेऊनच.

पंखे घरघरतात.
वहीत मी तिसरा रकाना आखते.
डोक्यावर काय लिहायचं, विचारलंय त्याला.
घड्याळ बंद आहे.
मी थांबते.